एअरबॅगचा दिवा विझत नाही तेव्हा

गेल्या श्रावणात आमच्या गाडीच्या मीटरवर एअरबॅगचा लाल दिवा लागला तो विझेचना. चावी फिरवल्यावर हा दिवा पाच-सहा सेकंद लागतो आणि जातो, तसाच तो जायला हवा. न गेला तर गाडी चालते, पण धडक बसली तर एअरबॅग उघडेल याचा भरवसा नाही.

पहिला सल्ला मिळाला तो नेहमीचाच: बॅटरीची वायर काढ, अर्धा तास थांब, परत लाव. केलं. घड्याळ बारावर आलं, रेडिओची स्टेशनं गेली, दिवा जागच्या जागी. बहुतेक गाड्यांत एअरबॅगच्या बिघाडाचा कोड मॉड्यूलच्या, म्हणजे एअरबॅग सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या, कायमच्या मेमरीत असतो, बॅटरी काढून तो पुसला जात नाही.

दुसरी चूक माझीच. साडेसातशेचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. तो स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये बसला आणि म्हणाला, एकही कोड नाही! स्वस्त स्कॅनर इंजिनाचे, म्हणजे 'पी'ने सुरू होणारे कोड वाचतात. एअरबॅगचे कोड 'बी'चे. स्कॅनर घेताना 'एसआरएस', म्हणजे एअरबॅगची यंत्रणा, वाचतो का आणि तुमच्या मॉडेलला चालतो का, हे विचारून घ्या. मी शेवटी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याच्या स्कॅनरवर आलं: डावा साइड एअरबॅग, रेझिस्टन्स जास्त. त्यानं कोड पुसला, दिवा गेला, आणि मी चौकात पोचेपर्यंत परत हजर. बिघाड जागेवर असेल तर कोड कितीही वेळा पुसा, तो येणारच.

रेझिस्टन्स जास्त म्हणजे बहुतेक वेळा कुठेतरी जोड सैल. साइड एअरबॅग सीटच्या पाठीत असतो आणि त्याची वायर सीटखालून जाते. सीट पुढे-मागे करताना ती ताणली जाते. आमच्याकडे भर म्हणून आईची छत्री! ती मागे बसते आणि ओली छत्री पुढच्या सीटखाली सारते.

आता काम. चावी बंद करून काढून ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा आणि ती परत टेकणार नाही अशी बाजूला बांधा. मग थांबा. मॉड्यूलच्या कपॅसिटरमध्ये थोडा वेळ करंट साठून राहतो. किती थांबायचं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं; मी चहा पिऊन येतो, म्हणजे दहा मिनिटं धरा. चावी चालू ठेवून एअरबॅगचा कनेक्टर काढलात तर एकाचे दोन कोड होतात, हे लक्षात असू द्या.

सीट पूर्ण मागे सरकवा, हातातला टॉर्च लावून वाका. पिवळा कनेक्टर दिसेल. एअरबॅगच्या वायरिंगची खूण पिवळाच रंग. आमचा वरून नीट बसलेला वाटत होता, पण बोटानं ढकलला तर केसभर हलला. लॉक दाबून सोडवला, तर एका पिनेवर हिरवट थर. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, वाळू दिला, 'टक्' आवाज येईपर्यंत दाबला. वायर सीटच्या फ्रेमला केबल टायनं बांधली, पण सीट पूर्ण पुढे घेतल्यावर ताण येणार नाही इतकी ढील ठेवून.

मल्टिमीटर मात्र खिशातच ठेवा. त्याच्या बारीकशा करंटनंही एअरबॅग उडू शकतो. पिवळी वायर तुटली असेल तर पिळून टेप लावू नका. ते काम माहीतगाराचं.

बॅटरी जोडल्यावरही दिवा होताच, पण या वेळी कोड पुसला तो पुसलाच. इलेक्ट्रिशियननं दोनशे घेतले.

कोड ड्रायव्हरच्या एअरबॅगचा असेल आणि हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणंही मेली असतील, तर संशय क्लॉक स्प्रिंगवर. चाकाबरोबर गुंडाळणारी-उलगडणारी ती चपटी पट्टी तुटते. तिथे घरी हात घालू नका, तोंडासमोर एअरबॅग असतो.

दिवाळीत भाच्यासाठी जुनी गाडी बघायला गेलो होतो. चावी फिरवली, सगळे दिवे लागले, एअरबॅगचा लागलाच नाही. विकणारा खुशीत म्हणाला, "बघा साहेब, काही प्रॉब्लेमच नाही!" आम्ही टेस्ट ड्राइव्हसुद्धा न घेता निघालो.