आधी अंगाला हात लावा, मग मनाचं विचारा

एमएसडब्ल्यूची (समाजकार्याची) किंवा नर्सिंगची मुलं बेघरांच्या कामावर नव्याने येतात तेव्हा डोक्यात पुस्तकातले प्रश्न असतात. कानात आवाज येतात का, कोणी मागावर आहे असं वाटतं का. हे विचारायचंच आहे, पण नंतर. आधी त्या माणसाची परवानगी घेऊन मनगट हातात घ्या. ताप, नाडी, श्वास बघा आणि ग्लुकोमीटरने शुगर तपासा.

रस्त्यावर असंबद्ध बोलणारा प्रत्येक जण मनोरुग्ण नसतो. शुगर घसरली, सोडियम कमी झालं, मेंदूत संसर्ग गेला, नुकतीच फिट येऊन गेली किंवा पडल्याने कवटीच्या आत रक्त साठलं, तर कोणीही बरळू लागेल. रोज पिणाऱ्याची दारू अचानक सुटली की दोन ते चार दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे दिसू लागतात. अशा वेळी उपचार मिळाले नाहीत तर जीव जाऊ शकतो. स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारात सहसा आवाजांचे भास जास्त असतात आणि माणूस टक्क जागा असतो. आजार शरीराचा असेल तर गोंधळ अचानक सुरू होतो, सकाळ-संध्याकाळ कमी-जास्त होतो, डोळ्यांवर झापड असते.

हा फरक कळायला शेजारचा चहावाला फार उपयोगी पडतो. "हे काका कधीपासून असे आहेत?" विचारल्यावर "परवापर्यंत माझ्याकडे कप विसळत होते की" असं उत्तर आलं, तर पुढचे प्रश्न बाजूला ठेवा आणि थेट हॉस्पिटलची कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग) गाठा. उपाशी, दारू पिणारा माणूस असेल तर सलाईनमधून ग्लुकोज देताना थायामिनही (व्हिटॅमिन बी1) दिलंय ना, हे डॉक्टरांना जरूर विचारा. खूप दिवसांच्या उपाशी माणसाला एकदम पोटभर जेवू घालू नका, थोडं थोडं द्या.

केसांच्या जटेखाली आणि पायाच्या बोटांमध्ये बघायला विसरू नका. अळ्या पडलेली जखम तिथेच लपलेली असते. खोकला किती आठवड्यांचा आहे ते विचारा. बाईमाणूस असेल तर पाळी कधी आली होती हेही विचारा, पण ते ताईंनी, जरा आडोशाला नेऊन.

आता मनाकडे. मे महिन्यात अंगावर तीन स्वेटर दिसले म्हणून लगेच लक्षण लिहू नका. खाली काढून ठेवलेला स्वेटर रात्रीत चोरीला जातो. दिवसा झोपणारी मावशी रात्री स्वतःला जपण्यासाठी जागी असते. "ते मला उचलून नेतील" हे वाक्य संशयाच्या आजाराचं असू शकतं, तसंच 1959 च्या भीक प्रतिबंधक कायद्याखाली खरोखर उचलल्या गेलेल्याचंही. आज तारीख काय, हे फुटपाथवर कोणाला ठाऊक असणार? त्याऐवजी विचारा, गुरुवारी प्रसाद कुठे मिळतो, तिथे जायचं कसं. स्मरणशक्ती आणि भान दोन्ही त्यातून कळतं. गप्प बसलेला माणूस कदाचित फक्त तेलुगू किंवा बंगाली बोलणारा असेल. कदाचित त्याला ऐकूच येत नसेल.

मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 चं कलम 100 तोंडपाठ असू द्या. स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण रस्त्यावर आढळला तर पोलिसांनी त्याला 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीसाठी न्यायचं असतं. कोठडीत ठेवता येत नाही, आणि बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा असतो. सरकारी ठिकाणी मानसिक उपचारांचे पैसेही बेघराला पडत नाहीत. घरचे सापडू शकतात, हे डॉ. भरत वाटवानी यांच्या कर्जतच्या श्रद्धा संस्थेने वर्षानुवर्षं दाखवलं आहे. वाटवानींना 2018 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी.

केसपेपरवर 'वेडसर' असं कधीच लिहू नका. काय दिसलं, काय ऐकलं, किती वाजता, एवढंच लिहा. आणि डिस्चार्जच्या आधी गोळ्या कुठे राहणार ते ठरवा. फुटपाथवर त्या भिजतात, चोरीला जातात. गोळ्यांऐवजी दर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन चालेल का, हे डॉक्टरांना आणि त्या माणसालाही विचारा, आणि पुढची तारीख चहावाल्यालाही सांगून ठेवू का, हे त्या माणसालाच विचारून घ्या.