डायलिसिसच्या पाण्यासाठी कार्बन टाकी: साइज, टेस्ट आणि बदलणं

घरच्या आरओमधला तो बोटभर कार्बन डोक्यातून काढून टाका आधी. इथे एका पेशंटच्या चार तासांच्या सेशनला १२० लिटरच्या आसपास पाणी लागतं आणि ते पाणी आणि रक्त यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया मिळून होणारं रसायन) त्यातून सहज पलीकडे जातं, लाल पेशी फुटतात, हिमोग्लोबिन घसरतं. आणि आरओ आहे ना मग कशाला एवढं, असं म्हणू नका, आरओ क्लोरामाइन नीट अडवत नाही आणि क्लोरीनने तर मेम्ब्रेनच खराब होतं, म्हणून ही दोन्ही आरओच्या आधीच कार्बनने काढायची.

टाक्या दोन घ्यायच्या, एकामागे एक. पाणी प्रत्येक टाकीत किमान ५ मिनिटं, दोन्ही मिळून १० मिनिटं कार्बनमधून गेलं पाहिजे. आता गडबड कुठे होते, वेंडर सांगतो तासाला ५०० लिटरचा प्लांट, पण ते झालं आरओतून बाहेर पडणारं शुद्ध पाणी. निम्मं रिजेक्ट, म्हणजे आरओने फेकून दिलेलं, जात असेल तर कार्बनमधून तासाला १००० लिटर जातंय, म्हणजे मिनिटाला साधारण १७ लिटर, म्हणजे प्रत्येक टाकीत ८५ लिटर कार्बन. टाकी ८५ लिटरची नाही हां, कार्बन ८५ लिटर, वर बॅकवॉशला (खालून उलटं पाणी सोडून धुवायला) जागा मोकळी हवी. कार्बन दाणेदार, नवाकोरा, आयोडीन नंबर (कार्बन किती शोषू शकतो त्याचं माप) ९०० च्या वर. स्वस्तात मिळतो म्हणून रिजनरेट केलेला, म्हणजे एकदा वापरून परत तयार केलेला, अजिबात भरू नका.

भरल्यावर रात्रभर पाण्यात भिजू द्या, मग काळं पाणी जाऊन स्वच्छ येईपर्यंत बॅकवॉश, मग थोडा वेळ ड्रेनला सोडा आणि त्यानंतरच आरओला जोडा.

टेस्टचं सॅम्पल दोन टाक्यांच्या मधल्या कॉकमधून घ्यायचं. प्लांट चालू करून १५ मिनिटं झाली की, पहिला पेशंट लावायच्या आधी, आणि मग प्रत्येक शिफ्टला किंवा दर चार तासांनी. ओटीचं (ऑर्थोटोलिडिन थेंबांच्या टेस्टचं) पिवळं पाणी बघून समाधान मानू नका, डीपीडी किटने (पाणी गुलाबी होणारी टेस्ट) टोटल क्लोरीन, म्हणजे मोकळं क्लोरीन आणि क्लोरामाइन मिळून, बघा, लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर नको. आमच्याकडे कुठे क्लोरामाइन टाकतात, असं बरेच जण म्हणतात, पण टँकरच्या किंवा नदीच्या पाण्यात सांडपाण्याचा अमोनिया असला आणि त्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडली की क्लोरामाइन आपोआप तयार होतं, कोणी टाकावं लागत नाही.

मधलं रीडिंग वर गेलं तर लगेच दुसऱ्या टाकीनंतरचं घ्या. ते ठीक असेल तर चालू शिफ्ट पूर्ण करता येते, पण तासातासाला टेस्ट करत, आणि दोन-तीन दिवसांच्या आत कार्बन बदलायचाच. तेही वर असेल तर मशीन बंद, डॉक्टरांना फोन, यात चर्चा नाही.

टँकरवाल्या युनिटनी तर जास्तच जपा. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात धरणाचं नीट न शुद्ध केलेलं पाणी टँकरने डायलिसिस सेंटरला आलं, त्यात शेवाळाचं विष होतं, सेंटरच्या फिल्टरमधला कार्बनही वेळेत बदललेला नव्हता. ५० च्या आसपास पेशंट गेले. क्लोरीनची टेस्ट हे विष दाखवतच नाही, म्हणून पाणी कुठून येतंय हे टँकरवाल्याला विचारत चला.

बॅकवॉशने कार्बन नवा होत नाही, फक्त गाळ निघतो आणि थर मोकळा होतो. पण तो टाळू नका, कारण क्लोरीन निघून गेलेल्या पाण्यात जंतू भराभर वाढतात, सुट्टीच्या दिवशी साचून राहिलं तर विचारूच नका. बदलताना दुसरी टाकी पहिल्या जागी आणायची आणि नवा कार्बन भरलेली तिच्या मागे लावायची, तारीख टाकीवरच मार्करने लिहायची.