गीझर तापत नाही? कॉइल मागवण्याआधी एवढं तपासा

गीझर बंद पडला की पहिला संशय कॉइलवर जातो. पुष्कळदा कॉइल ठणठणीत असते आणि बिघाड निघतो प्लगमध्ये, नाहीतर पाण्यात. पुढचे आकडे 15 लिटर, 2000 वॅटच्या स्टोरेज गीझरचे आहेत.

एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डातला गीझरच्या लाइनचा स्विच) पाडा, म्हणजे बंद करा, आणि प्लग उपसून बाहेर काढा. नुसत्या बटणावर विसंबू नका. जुन्या वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले सापडतात, मग बटण बंद असूनही कॉइलपर्यंत करंट पोचलेला असतो.

आता तोच प्लग नीट बघा. हा गीझर 230 व्होल्टवर जवळजवळ 8.7 अँपिअर ओढतो, म्हणून सॉकेट 16 अँपिअरचंच हवं आणि वायर निदान अडीच स्क्वेअर एमएम तांब्याची. सॉकेटच्या आतली पितळी पट्टी सैल झाली की पिन तापते, काळी पडते, जळकट वास येतो. अशा वेळी प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. एकच बदललंत तर जुनं नव्याला जाळतं.

प्लग चांगला आहे, पॉवरचा दिवा लागतो, पण पाणी गारच? प्लग पुन्हा उपसा, झाकण काढा आणि थर्मोस्टॅटजवळचा (पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की वीज तोडणारा भाग) कटआऊट शोधा, म्हणजे पाणी फार तापलं तर वीज तोडणारा सुरक्षेचा स्विच. त्यावर छोटं रीसेटचं बटण असतं. दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज आला, तर तो पडलेला होता. आठवड्यात पुन्हा पडला तर दाबत बसू नका, थर्मोस्टॅट चिकटलाय किंवा कॉइलवर क्षार चढलाय. कटआऊट ‘डायरेक्ट’ करून देणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. पाणी उकळायला लागलं की टाकी फुटण्यापासून वाचवणाऱ्या मोजक्या गोष्टींपैकी कटआऊट ही एक आहे.

मग कॉइल. तिच्या वायरी सुट्या करून दोन टोकांवर मल्टीमीटर लावा. 26 ओहमच्या आसपास दाखवलं तर कॉइल शाबूत (3000 वॅटच्या इन्स्टंटला 17-18). काहीच आकडा आला नाही तर तुटली. एक टोक आणि गीझरची बॉडी यांत मात्र काहीच दाखवायला नको.

आरसीसीबी (करंट लीक झाला की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर मल्टीमीटर फसवू शकतो, कारण तो जेमतेम काही व्होल्टवर मोजतो. बारीक चीर गेलेली कॉइल तिथे निर्दोष दिसते आणि 230 व्होल्ट मिळाले की लीक होते. इलेक्ट्रिशियनकडून 500 व्होल्टच्या मेगरने (जास्त व्होल्ट देऊन लीकेज शोधणारं मीटर) तपासून घ्या. नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या तर तोवर गीझर बंद, आंघोळीला बादलीभर पाणी गॅसवर.

तलावांतून येणारं महापालिकेचं पाणी सहसा सौम्य, म्हणजे कमी क्षारांचं असतं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी चढवणाऱ्या सोसायट्यांत कॉइलवर पांढरा खडबडीत थर बसतो. तापताना गीझर कुरकुरतो, तो याचाच आवाज. टाकी रिकामी करून कॉइल काढा, लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्त्व घालून तासभर बुडवा, प्लॅस्टिकच्या ब्रशने घासा. टोकांच्या जोडण्या भिजू देऊ नका. टाकीला गंजापासून वाचवणारी मॅग्नेशियमची कांडी झिजून आतली तार दिसत असेल तर तीही बदला. गॅस्केट (कॉइलच्या तोंडाशी बसणारं रबरी सील) नवीनच घाला. जुनं पुन्हा बसवलं की हमखास ठिबकतं.

पाणी कोमटच येतं? 25 अंशांचं पाणी 60 पर्यंत जायला 18-20 मिनिटं लागतात. तेवढं थांबूनही कोमट असेल तर मिक्सरचा (गरम-थंड पाणी मिसळणारा नळ) थंड पाण्याचा अँगल कॉक, म्हणजे त्या लाइनची भिंतीवरची छोटी तोटी, बंद करून बघा. आता कढत आलं तर दोष मिक्सरच्या कार्ट्रिजचा, म्हणजे आतल्या पाणी मिसळणाऱ्या भागाचा.

तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून चार थेंब पडणं ठीक. सतत गळत असेल तर दाब बघा. दर 10 मीटर उंचीला 1 बार, म्हणजे टॉवरच्या खालच्या मजल्यांवर दाब 7 बारपर्यंतही जातो. गीझरच्या पट्टीवर किती बार लिहिलंय ते वाचा, आणि त्याहून जास्त दाब असेल तर लाइनवर प्रेशर रिड्युसिंग व्हॉल्व्ह बसवून घ्या. गळणारा व्हॉल्व्ह बूच मारून बंद करू नका.

जोडणी झाल्यावर आधी पाणी, मग वीज. गरम नळ उघडा आणि हवेची फडफड थांबून सलग धार लागल्याशिवाय प्लग लावू नका. सोसायटीची टाकी धुतल्याच्या दिवशीही हेच करा. रिकाम्या टाकीत नवी कॉइल काही मिनिटांत जळते.