जुन्या क्लायंटना फी वाढ कशी सांगितली (माझा अनुभव)

दादरला घरूनच अकाउंट्स लिहिते. प्रॉब्लेम असा की फी वाढवायची म्हटलं की जुने क्लायंट 'बघू मॅडम' म्हणायचे आणि पुढच्या महिन्यात जुनीच रक्कम जमा. फोनवर बोलून पाहिलं, सगळ्यांना एकच व्हॉट्सॲप मेसेज टाकला, सरळ बिलातच नवीन आकडा लावला, त्यावर शेठ लोकांनी फरक कापून पैसे पाठवले. वैताग नुसता!

शेवटी जमलं ते असं. आधी प्रत्येक क्लायंटचं टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) उघडून सुरुवातीला किती एन्ट्र्या, किती बँक खाती होती आणि आता किती, ते काढलं, शिवाय दर महिन्याचं टू-बी मॅचिंग (खरेदीची बिलं जीएसटी पोर्टलवरच्या 2B यादीशी जुळवणं) वाढलंय तेही लिहिलं. मग फेब्रुवारीचा मधला आठवडा पकडला, ११ आणि २० तारीख जीएसटी रिटर्नची म्हणून टाळून, आणि मार्चमध्ये तर कोणी ऐकतच नाही. फोन थेट मालकाला, मुनीमला नाही. '१ एप्रिलपासून फी इतकी' एवढंच बोलायचं आणि गप्प बसायचं (हेच सगळ्यात अवघड). त्याच दिवशी पीडीएफ पत्र, मेल आणि व्हॉट्सॲप दोन्हीवर: जुनी फी, नवी फी, तारीख, त्यात कुठलं काम येतं, आणि 'ओके' असं लेखी उत्तर मागायचं.

कोणी घासाघीस केली तर आकडा नाही हलवायचा, काम कमी करायचं, म्हणजे उधारीचा फॉलोअप तुमचा तुम्ही बघा. एप्रिलच्या बिलावर पत्राची तारीख टाकली, कापाकापी बंद. एक क्लायंट सोडून गेला, तोच सगळ्यात उशिरा पैसे देणारा होता.