पेशी सुटल्या म्हणजे ग्राफ्टिंग झालं असं नाही: या चुका टाळा

पीनायपाम हा पॉलिमर साधारण 32 अंशांच्या खाली पाणी धरतो आणि वर गेला की सोडतो. म्हणून त्याचा थर दिलेल्या डिशला पेशी 37 ला चिकटतात आणि गार केल्यावर ट्रिप्सिनशिवाय (पेशी सोडवायला वापरतात ते एन्झाइम) सुटतात. टोकियोत ओकानो यांच्या गटाने 1990 मध्ये इलेक्ट्रॉन बीम वापरून हा थर पॉलिस्टायरिनला, म्हणजे डिशच्या प्लास्टिकला, पक्का जोडून दाखवला; यालाच ग्राफ्टिंग म्हणतात. आम्ही कोबाल्ट-60 चे गॅमा किरण वापरतो. किरण कोणतेही असोत, घोळ होतो तो बहुतेकदा धुण्यात.

आमच्याकडे एकाने डिश 40 अंशांच्या पाण्याने धुतल्या. गरम पाण्याने लवकर स्वच्छ होतात म्हणे! अरे, हा पॉलिमर गरम पाण्यात विरघळतच नाही. पृष्ठभागाला न जोडलेला, सुटा पॉलिमर तसाच बसून राहिला. पेशी 37 ला छान चिकटल्या, 20 ला अख्खी चादर अलगद सुटली, सगळे खूश. त्याच डिशमध्ये पुन्हा पेशी वाढवल्या तेव्हा गार करूनही एक पेशी जागची हलेना. सुटा पॉलिमर पहिल्याच खेपेला विरघळून पेशींबरोबर निघून गेला होता. जोडलेलं जवळजवळ काही नव्हतंच. तीन महिने वाया गेले.

तेव्हापासून मी डिश 4 अंशांच्या पाण्यात रात्रभर ठेवते, पाणी तीनदा बदलते. शेवटचं पाणी टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन 40 च्या वॉटर बाथमध्ये धरते. जरा जरी दुधाळ झालं, म्हणजे सुटा पॉलिमर अजून निघतोय, तरी पुन्हा धुणं. एवढा धीर नसेल त्याने या कामात पडू नये.

दुसरी हाव जाड थराची. पॉलिस्टायरिनवर 15 ते 20 नॅनोमीटर पुरतात. 30 च्या पुढे गेलात तर वरचा भाग 37 लाही ओलसर राहतो आणि पेशी मुळात चिकटतच नाहीत. मग दोष पेशींना दिला जातो.

सुटत नाहीत म्हणून डिश थेट फ्रिजमध्ये ठेवू नका. अंग आखडून सुटायला पेशीला स्वतःची ऊर्जा लागते आणि 4 अंशांना तिचा चयापचय मंदावतो. 20 ला अर्धा तास ठेवा, आणि तेवढा वेळ डिश हलवू नका.

किरण देण्याआधी मोनोमरच्या (ज्या लहान रेणूंपासून पॉलिमर बनतो त्यांच्या) द्रावणातून नायट्रोजन सोडून ऑक्सिजन घालवा, दोन मिनिटांत उरकू नका. मीडिया (पेशींचं पोषक द्रावण) बदलताना तो 37 ला आणूनच घाला. आणि या डिशला अॅसिटोन लावू नका, पॉलिस्टायरिन मऊ पडून खराब होतं.