चौदा ते वीस तारीख आणि एआय

दर महिन्याच्या चौदा तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे सप्लायरांनी पोर्टलवर भरलेल्या बिलांची यादी, तयार होतं आणि वीस तारखेच्या आत ३बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, भरायचं असतं. मधले सहा दिवस ती यादी आमच्या नोंदींशी जुळवण्यात जातात आणि आमच्या टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात कोणी कोणाशी धड बोलत नाही. एआयची धास्ती मला अशाच दिवसांत बसली. डबा खाता खाता रील बघत होते: 'ही वीस टूल्स शिका, नाहीतर अकाउंटंटची नोकरी गेलीच समजा.' त्याच रात्री ९९९ रुपयांचा ऑनलाइन कोर्स घेतला. तिसऱ्या व्हिडिओच्या पुढे आजतागायत गेलेले नाही.

नुकतीच बी.कॉम. होऊन आलेली मुलं आता मलाच विचारतात, 'ताई, कुठलं एआय शिकू?'

१ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हाही अशीच तारांबळ उडाली होती. जीएसटीआर-१, २, ३ असे रिटर्नचे फॉर्म... नोट्स काढून वह्या भरल्या. त्यातले २ आणि ३ काही महिन्यांतच बासनात गेले. तात्पुरता म्हणून आलेला ३बी मात्र अजून मानगुटीवर आहे. घाईघाईने पाठ केलेलं बरंचसं वाया गेलं. त्या वर्षी रडतखडत शिकलेलं एक्सेल तेवढं उपयोगी पडतंय. म्हणून नवीन टूल आलं की मी आधी महिनाभर नुसती बघते. काही बिघडत नाही.

माझी सुरुवात टूलपासून झालीच नाही, वैतागापासून झाली. सप्लायरने पोर्टलवर बिल नंबर टाकलेला 'एसटी/२४-२५/००४५', आमच्या टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) नुसता '४५'. एक्सेलच्या व्हीलुकअप फंक्शनला हे एकच बिल आहे हे कळत नाही. अशी दोनशेच्या वर बिलं डोळ्यांनी जुळवायची. एका संध्याकाळी चॅटजीपीटीला साध्या मराठीत विचारलं: शेवटच्या तिरक्या रेषेनंतरचा आकडा हवा, त्याच्या सुरुवातीची शून्यं नकोत. त्याने फॉर्म्युला दिला, मी टाकला आणि सगळ्या कॉलममध्ये एरर! त्यात 'टेक्स्टआफ्टर' नावाचं नवं फंक्शन होतं आणि आमच्या ऑफिसात एक्सेल २०१३. तसं सांगितल्यावर त्याने जुन्या फंक्शनचा, चांगला लांबलचक फॉर्म्युला दिला. तो चालला.

पण खरी मेख पुढेच होती. नुसता '४५' धरला की दोन वेगळ्या सप्लायरची ४५ नंबरची बिलं एकमेकांना चिकटतात! जीएसटी नंबर सोबत जोडून जुळवायला हवं, हे त्याने सांगितलं नाही. ते मला सुचलं, कारण आधी अनेक महिने ते काम हाताने केलं होतं. नव्या मुलांना म्हणूनच सांगते, पहिले दोन-तीन महिने हातानेच जुळवा. कंटाळा येईल, येऊ दे.

कायद्याचं मात्र त्याला विचारून मोकळं होऊ नका. एकदा मी विचारलं, राहिलेलं आयटीसी (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) कधीपर्यंत घेता येतं? उत्तर आलं, पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरच्या रिटर्नपर्यंत. अगदी ठणकावून, कलम १६(४) सकट. ती मुदत २०२२ मध्येच बदलून ३० नोव्हेंबर झाली आहे, किंवा वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर त्या तारखेपर्यंत. जुन्या नियमावर नेटवर ढीगभर लिहिलेलं आहे आणि हे यंत्र वाचलेल्या मजकुरावरून पुढचा संभाव्य शब्द जोडत जातं. त्याला तारीख चुकल्याची लाज नाही. नोटीस क्लायंटला येते आणि फोन आपल्याला.

आणि क्लायंटची फाइल जशीच्या तशी त्यात टाकू नका. जीएसटी नंबरच्या १५ अक्षरांतली तिसऱ्यापासूनची दहा म्हणजे त्याचा पॅनच असतो. मी चार खोट्या ओळी तयार करते, त्यावर फॉर्म्युला बसवून घेते आणि मग आपल्या शीटमध्ये आणते.

गेल्या महिन्यात जुळवाजुळव होऊन ३१ बिलं उरली. नवीन मुलगा ती यादी एआयला देऊन कारणं विचारायच्या तयारीत होता. मी फोन त्याच्या हातात दिला. पलीकडून सप्लायर म्हणाला, "अहो, आमचा अकाउंटवाला लग्नाला गावी गेलाय, रिटर्न राहिलंच भरायचं."