वेचणीला हात घालण्याआधी ट्रॅक्टरचे हेडलाइट बघून घ्या

दसरा जवळ आला की आपल्या खान्देशात ट्रॅक्टरचं निम्मं काम अंधारात होतं. दिवसभर कापूस वेचायचा, संध्याकाळी वजनं करायची, ट्रॉली भरायची आणि जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, लवकर नंबर लागावा म्हणून पहाटेच निघायचं. रावेर-यावलकडे केळीचे घड बांधावर येईपर्यंत दिवस मावळतो. दादर (रब्बी ज्वारी), हरभऱ्याची पेरणीही ओल उडायच्या आत उरकायची असते. अशा वेळी जुन्या ट्रॅक्टरचा एकच दिवा पेटत असेल तर समोरून येणाऱ्याला ती मोटारसायकल वाटते आणि तो त्याच अंदाजाने बाजू देतो. म्हणून हे काम आताच, उघडीप मिळाली की करा.

पावसाळ्यात दोन गोष्टी होतात. जोडांवर हिरवा-पांढरा गंज चढतो आणि बॉनेटखाली उंदीर वायरी कुरतडतात. दिवा गेला की आपण आधी बल्ब बदलतो. बऱ्याचदा बल्ब चांगला असतो, अर्थ (बॉडीतून बॅटरीकडे करंट परत नेणारी जोडणी) गेलेला असतो. आमच्या घरच्या ट्रॅक्टरला रंग दिला तेव्हा डावा दिवा मंद झाला. दोन बल्ब बदलले, फरक नाही. शेवटी अर्थचा स्क्रू काढला तर त्याच्याखाली रंगाचा थर होता. पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत केलं, स्क्रू आवळला आणि दिवा लख्ख लागला.

अर्थ गेल्याची एक खूण ध्यानात ठेवा: अप्पर-डिपर केलं की एक दिवा मंद होतो किंवा बल्बमधली नको ती तार मिणमिणते. करंटला परतीची वाट मिळत नाही, मग तो दुसऱ्या तारेतून वाट काढतो. खात्री करायला बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक जाड वायर थेट होल्डरच्या अर्थ पिनला लावून बघा. उजेड वाढला तर दोष सापडला.

मल्टिमीटर असेल तर अंदाजाने काम करायची गरज नाही. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) असलेल्या ट्रॅक्टरवर इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४ च्या आसपास यायला हवेत. तेवढे येत नसतील तर आधी पट्टा आणि बॅटरीचे टर्मिनल बघा, दिव्यांना हात लावू नका. ते ठीक असेल तर दिवे लावून मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी दिव्याच्या अर्थला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थ खराब. तसंच पॉझिटिव्हपासून बल्बच्या चालू पिनपर्यंत मोजा. तिकडे व्होल्टची जास्त गळती (घट) निघाली तर स्विच, फ्यूजचा डबा आणि कपलर (वायरी जोडायचे प्लग) एकेक करून तपासा. हात लावून गरम लागणारा जोड बहुधा तोच असतो. एका व्होल्टची गळती किरकोळ वाटते, पण तेवढ्यात उजेड जवळजवळ पाव हिश्श्याने उतरतो.

दोन्ही दिवे मंद म्हणून जास्त वॅटचे बल्ब टाकू नका. ५५ वॅटचा एक बल्ब साडेचार अँपियरच्या वर खेचतो, दोघांचे मिळून नऊ. जुना स्विच तेवढ्यानेच तापतो. त्याऐवजी रिले (थोड्या करंटवर चालणारा आणि मोठा करंट स्वतःमधून सोडणारा स्विच) बसवा, अप्परला एक आणि डिपरला एक. ३० नंबरच्या पिनला बॅटरीची वायर १५ अँपियरच्या फ्यूजमधून, ८७ वरून दिव्यांना, ८६ ला जुन्या स्विचची वायर, ८५ ला अर्थ. बॅटरीकडून येणारी वायर २.५ चौरस मिलिमीटरची घ्या. खर्च फार नाही आणि स्विचवरचा भार उतरतो. फार जुन्या काही ट्रॅक्टरांना बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असतो. आपल्याकडे कसं आहे ते बघूनच जोडणी करा. हॅलोजनची काच बोटाने धरू नका, फडक्याने धरा.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळायची सवय मात्र सोडाच. वायर कुठेतरी लोखंडाला घासली आहे म्हणून तो उडतो. स्टिअरिंगच्या खांबाजवळ, बॉनेटच्या बिजागरीजवळ आणि दिव्याच्या भोकाशी शोधा. तार टाकली तर वायर तापून पेटते, आणि मागे सुका कापूस भरलेला असतो. तिथे एक ठिणगीही पुरे आहे. वायर बदलून भोकात रबर ग्रोमेट (वायर घासू नये म्हणून रबराची कडी) घाला. काम करताना बॅटरीची बॉडीला जोडलेली वायर आधी काढा, जोडताना तीच शेवटी लावा.

पुढचे दिवे झाले की ट्रॉलीकडे या. तिच्या मागच्या लाल दिव्याची वायर बहुतेक वेळा जोडणीच्या प्लगपाशीच तुटलेली असते. आणि मागे लाल रिफ्लेक्टर दोन्ही कोपऱ्यांना लावा. भरलेल्या कापसाच्या ताडपत्रीने ते झाकले जात नाहीत ना, हे ट्रॉली भरल्यावर मागे जाऊन बघा.